शिदोरी आणि राहुटी

सुट्ट्या जवळ आल्या म्हणजे घरोघर प्रवासाचे बेत सुरू होतात. अलीकडे त्यांत एका नव्या बेताची भर पडली आहे. डोंगरातील एखाद्या दूरच्या खोऱ्यात राहुटी ठोकावयाची आणि आपले अन्न आपणच शिजवून चार दिवस राहावयाचे. कित्येकांना हे पाश्चात्त्यांचे अनुकरण वाटते. परंतु पंढरीच्या वाटेवर आपल्या दिंड्या पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आल्या आहेत. मुक्कामी राहुट्या उभ्या राहतात, चुली पेटतात आणि पहाटे सारा संसार पुन्हा उचलला जातो. मात्र वारीच्या वाटेवर गावोगाव मदतीचे हात असतात. हिमालयात ते नसल्यामुळे तेथे पूर्वविचार अधिक लागतो.

उत्तराखंडातील उत्तरकाशी जिल्ह्यातील हर की दून या खोऱ्याचे उदाहरण घेऊ. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील या खोऱ्याच्या माथ्याशी स्वर्गारोहिणी हे शिखर आहे. पांडव महाप्रस्थानाला याच वाटेने गेले, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. मोटारीची वाट संपली की पुढे पायांवरच भिस्त. हा प्रदेश संरक्षित वनात मोडतो. म्हणून वनखात्याची परवानगी आधी काढावी लागते.

तेथे पहिली परीक्षा होते ती स्वयंपाकाची. उंचीवर हवेचा दाब कमी असल्यामुळे पाणी सुमारे ८८ अंशांवरच उकळू लागते. पाणी खळखळते, पण तुरीची डाळ काही केल्या शिजत नाही आणि इंधन मात्र संपत जाते. लहानसा प्रेशर कुकर न्यावा, नाही तर मूग वा मसूर भिजवून घ्यावी. याहून सोपा उपाय आपल्याच फडताळात आहे. मेतकूट, सातूचे पीठ, पोहे, शेंगदाण्याची चटणी हे पदार्थ वजनाला हलके, टिकाऊ आणि फारसा विस्तव न मागणारे. गॅस वा रॉकेल रेल्वेतून नेण्यास मनाई आहे. तेव्हा इंधनाची सोय डेहराडूनला उतरल्यावर करावी. ओढ्याचे पाणी कितीही निर्मळ दिसो, वरच्या कुरणांत मेंढ्या चरत असतात. ते तीन मिनिटे उकळूनच प्यावे.

दोन गोष्टींत हयगय जिवावर बेतते. थंडी वाजते म्हणून बंद राहुटीत शेगडी किंवा स्टोव्ह कधीही पेटवू नये. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. दुसरी गोष्ट उंचीची. ३,००० मीटरच्या वर रोजचा मुक्काम ५०० मीटरहून अधिक चढवू नये. डोके दुखून मळमळू लागले तर चढणे थांबवावे, आणि त्रास वाढल्यास ताबडतोब खाली उतरावे. तेथे हट्टाला पराक्रम म्हणत नाहीत.

आता त्या खोऱ्याच्या बाजूनेही पाहू. थंड हवेत झाड सावकाश वाढते आणि कचरा सावकाश कुजतो. प्लास्टिक तर कुजतच नाही. डोंगरावरील कुरणांना तेथे ‘बुग्याल’ म्हणतात. त्यांची हानी पाहून उत्तराखंडाच्या उच्च न्यायालयाने २०१८ साली तेथील रात्रीच्या मुक्कामावर बंदी घातली. म्हणून राहुटी कोठे ठोकावी हे वनखात्याला विचारूनच ठरवावे, लाकूडफाटा जाळू नये आणि आपला कचरा आपल्याच पिशवीतून परत आणावा. तांदूळ, राजमा, रामदाणा (म्हणजे आपला राजगिरा) वाटेवरच्या गावांतून विकत घ्यावा. पाहुण्याने यजमानाला काही द्यावे, ही आपली रीतच आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगतो. घरी बारा महिने चुलीशी उभी राहणारी गृहिणी खोऱ्यातही चुलीशीच उभी राहणार असेल, तर सुट्टी कोणाची? स्वयंपाकाच्या पाळ्या निघण्यापूर्वीच कागदावर मांडाव्यात आणि पहिली पाळी वडिलांनी घ्यावी. मुलग्यांनी भांडी घासावीत, मुलींनी राहुटीचे दोर ताणावेत. शाळेत स्वावलंबनावर सुरेख निबंध लिहिणारी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत. परंतु बर्फाच्या पाण्यात हात घालून पातेले घासणाऱ्या मुलाला त्या शब्दाचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही, आणि आईच्या रोजच्या कष्टांचे मोलही त्याला तेथेच कळते.

एकदम हिमालय गाठण्याचीही घाई नको. प्रथम एक रात्र घराच्या गच्चीवर राहुटी ठोकून पाहावी आणि तेथे सर्वांचा स्वयंपाक मुलांनी करावा. त्या रात्री मीठ विसरले, तर खाली जाऊन आणता येईल.