पडीक नव्हे, गायरान

पहिला पाऊस पडला की आमच्या मोहल्ल्यातली तरुण मुले वृक्षारोपणाचा बेत आखतात. यंदा ठरले की गावाबाहेरच्या गायरानात 300 रोपे लावायची. ‘जागा नुसती पडीकच आहे,’ असे सर्वांचे मत. झाड लावणे म्हणजे सदका-ए-जारिया, त्यामुळे वर्गणीही दोन दिवसांत जमली.

खड्डे खणायला गेलेल्या मुलांना मेंढ्या चारणाऱ्या एका धनगरबाबांनी अडवले. “पोरांनो, बघून पाय टाका,” म्हणाले. चार पावलांवर टिटवीची 4 अंडी होती. मातकट, काळ्या ठिपक्यांची. घरटे असे काही नाहीच, खड्यांमध्ये केलेला उथळ खळगा. मुले कुदळी घेऊन परतली आणि संध्याकाळी माझ्याकडे आली. “चाचा, झाड लावणे सवाबाचे काम ना? मग चुकले कुठे?”

चूक झाड लावण्यात नव्हती, जागा निवडण्यात होती. गायरान हे उजाड झालेले जंगल नव्हे. कुसळी, पवन्या, मारवेल अशा गवतांचे ते घर आहे. टिटवी, चंडोल, धाविक हे पक्षी तिथे जमिनीवरच अंडी घालतात. शत्रू लांबून दिसावा म्हणून त्यांना मोकळे रान लागते. तिथे दाट झाडी उभी राहिली की सावलीत गवत मरते, शिकारी पक्ष्यांना बसायला जागा मिळते आणि माळावरचे पक्षी निघून जातात. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात 1979 साली माळढोक अभयारण्य झाले, ते अशाच माळरानासाठी. आज तो पक्षी महाराष्ट्रात जवळजवळ दिसेनासा झाला आहे.

नुकसान फक्त पाखरांचे नाही. बकरी ईदसाठी आपण जे बोकड पाळतो, ते चरतात कुठे? ज्यांच्याकडे गुंठाभरही जमीन नाही, अशा विधवा बहिणीच्या दोन शेळ्या याच गवतावर जगतात.

हजरत उमर (र.) यांच्या खिलाफतीत राखीव कुरण असे. त्याला ‘हिमा’ म्हणत. तिथल्या रखवालदाराला त्यांनी दिलेली ताकीद सहीह बुखारीत आली आहे. थोडे उंट, थोडी मेंढरे असलेल्या गरिबाला आत येऊ दे, पण हजरत उस्मान (र.) आणि हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (र.) यांच्या कळपांना नको. त्यांची जनावरे मेली तरी त्यांना बागा आणि शेती आहे; गरिबाची मेली तर तो मुलेबाळे घेऊन दारात उभा राहील. कुरण राखायचेही आणि त्यावर पहिला हक्क दुबळ्याचा मानायचा, हे दोन्ही त्या एका आदेशात आहे.

मग आपण काय करावे? गायरानाचे दोन-तीन भाग पाडून पावसाळ्यात एक भाग आळीपाळीने चराईला बंद ठेवावा. गवताचे बी पडले की खुला करावा. वाळलेल्या गवताला आग लावू देऊ नये. मुरूम उपसणे आणि लग्नाच्या पत्रावळ्या, प्लॅस्टिक तिथे टाकणे थांबवावे. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीने जैवविविधता समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. तीत आपल्या माळाची गवते आणि पाखरे लिहिली आहेत का, हे ग्रामसभेत विचारावे. धनगरबाबांसारख्या माणसांना बोलावून ती लिहून घ्यावीत.

आमच्या मुलांनी रोपे वाया घालवली नाहीत. काही कब्रस्तानाच्या कुंपणालगत लागली, काही शाळेत, बाकीची शेताच्या बांधांवर. पंधरा दिवसांनी ती पुन्हा माळावर गेली, या वेळी कुदळीशिवाय. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती. पिल्ले जवळच कुठेतरी गवतात दडली असावीत. मुले लांबूनच परत फिरली.

त्या दिवशी त्यांनी काहीच लावले नाही. तरी माझ्या मते, इन्शाअल्लाह, तेही सदक्यातच जमा होईल.