पंचवीस हजारांची उधारी

मुंबईच्या भाविन आणि दिव्यांक तुरखिया या भावांनी १९९८ मध्ये ‘डायरेक्टी’ कंपनी काढली, तेव्हा थोरला अठराचा होता, धाकटा सोळाचा. वेबसाइटसाठी इंटरनेटवर नाव आणि जागा विकायचा धंदा. भांडवल? वडिलांकडून उसने घेतलेले २५ हजार रुपये! २०१४ मध्ये डायरेक्टीचे चार व्यवसाय सुमारे १६ कोटी डॉलरला विकले गेले. २०१६ मध्ये दिव्यांकची ‘मीडिया डॉट नेट’ ९० कोटी डॉलरला गेली. भाविनने २०१५ मध्ये ‘झेटा’ उभी केली होतीच. एक धंदा उभा करायचा, विकायचा, की पुढचा.

लोक त्या कोटींकडे बघतात. मला मात्र त्या २५ हजारांपाशी थांबावंसं वाटतं.

चंद्रपूरला १९९६ पासून सरकारी इंजिनीअरिंग कॉलेज आहे, गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ. आपल्या पोरी शिकताहेत. पण उद्या त्यातली एखादी म्हणाली, “बाबा, पंचवीस हजार द्या, धंदा करून बघते,” तर? आधी प्रश्न येणार, “बुडाले तर?” त्याच घरात तिच्या लग्नाच्या मांडवावर कितीतरी पट खर्च होतो. ते पैसे परत येणार का, हे कुणी विचारत नाही.

सगळ्यांकडे रोकड नसते, हे खरंच. पण भांडवल म्हणजे नुसती रोकड नव्हे, हक्कही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. जंगल तेच, बांबू तोच. हक्क हाती आला नि गाव विक्रेतं झालं. पोरींचंही तसंच आहे. हुशारी आहे, करून बघायचा हक्क नाही.

आणि पैसे लावणं आपल्याला नवीन थोडंच आहे? बचत गटात कुणाला किती कर्ज द्यायचं, कोण फेडेल, हे आपण दर महिन्याला ठरवतो. गुंतवणूकदार आणखी वेगळं काय करतो? मग तीच नजर घरात वापरा. लेकीला हिशेब मांडायला लावा, वहीत लिहा, हप्ते ठरवा. दान नको, उधारीच द्या. आणि एकदा बुडाले, तर जन्मभर टोमणे मारू नका. मुलाच्या बुडालेल्या धंद्याला आपण ‘अनुभव’ म्हणतोच ना? लेकीच्या वाट्यालाही तो शब्द येऊ द्या.