डिझेल की पेट्रोल? आधी तास किती ते बोला!

अलिबागला वीकएंड होम झालं, बुलेट झाली, लडाख झालं. आता ग्रुपमध्ये नवा किडा वळवळतोय... आपली स्वतःची बोट! चौघांनी मिळून काढायची, मांडव्याला ठेवायची, शनिवारी सकाळी गेटवेवरून सुटायचं आणि जेट्टीवरची रांग लांबूनच बघायची. आयडिया सॉलिड आहे, नाही कोण म्हणतंय? पण ती एक्सेल शीटमध्ये उतरली, की पहिल्या दहा मिनिटांत एक वाद हमखास पेटतो. इंजिन डिझेल की पेट्रोल?

ग्रुपमधला एक जण लगेच सांगतो, 'ऑफ कोर्स डिझेल! रनिंग कॉस्ट बघ ना यार.' हा बहुधा तोच असतो, ज्यानं गाडी घेतानाही हेच सांगितलं होतं आणि ज्याची गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभी असते. तो चूक नाही. त्याचं उत्तर फक्त दुसऱ्याच कुणाच्या तरी प्रश्नाचं आहे.

आधी इंजिनाचं पोट समजून घेऊ. एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण १०-१२ टक्के जास्त ऊर्जा असते. शिवाय डिझेल इंजिन जास्त दाबाखाली काम करतं आणि त्या ऊर्जेचा वापरही जास्त चांगला करतं. दोन्हीची बेरीज केली, की हाताशी एक ठोकताळा येतो. १० एचपी काम तासभर करून घ्यायचं, तर बऱ्या फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिनाला ३ लिटरच्या आसपास लागतं, डिझेलला २. जुनं कार्ब्युरेटरवालं टू-स्ट्रोक असेल, तर ते पेट्रोल पितंच, वर ऑइलही मागतं, आणि न जळलेल्या इंधनाचा बराचसा भाग एक्झॉस्टमधून सरळ समुद्राला दान करतं. स्वस्तात मिळतंय म्हणून ते घेण्याचा मोह टाळा.

आता आपली स्वप्नातली बोट. २२ फुटी, मागे ११५ एचपी, आणि आरामात २० नॉटनं पळताना त्यातले समजा ६० एचपी वापरणारी. म्हणजे तासाला १८ लिटर पेट्रोल किंवा १२ लिटर डिझेल. २०२४ च्या अखेरीस मुंबईत पेट्रोल साडेएकशेतीन रुपयांच्या आसपास होतं आणि डिझेल ९० ला. तोच भाव धरला, तर पेट्रोलचा तास १,८६३ रुपयांना पडतो, डिझेलचा १,०८०. फरक ७८३ रुपये. तुमच्या पंपावरचा आजचा भाव टाका आणि पुन्हा गुणा, गणित तेच.

गेटवे ते मांडवा सरळ रेषेत जेमतेम ८ सागरी मैल. जाऊन-येऊन १६, म्हणजे २० नॉटनं पाऊण तासाच्या किंचित वर. पेट्रोलवर साधारण १,४९० रुपये, डिझेलवर ८६४. एका ट्रिपमागे वाचले सव्वासहाशे. बऱ्यापैकी कॅफेत दोन कॉफी आणि एक सँडविच. चौघांत वाटून घ्या!

पण वर्षाला ट्रिपा किती? खरं बोला. पावसाळ्यात, जून ते ऑगस्ट, बोट बंद. उरले नऊ महिने. महिन्याला दोन वीकएंड म्हटले, तर १८ फेऱ्या. प्रत्येक फेरीत इंजिन तीन तास चाललं असं भरघोस धरलं, तरी ५४ तास. (आणि यात लग्नं, अप्रेझल, आयपीएलची फायनल आणि 'अरे, या शनिवारी जमणार नाही रे' हे काहीच धरलेलं नाही.) ५४ तासांवर डिझेलनं वाचवले सुमारे ४२ हजार रुपये.

आता दुसरी बाजू. तेवढ्याच ताकदीचं डिझेल इंजिन, त्याचा ड्राइव्ह आणि ते आत बसवण्याचं काम हे सगळं पेट्रोल आउटबोर्डपेक्षा बरंच महाग. किती ते कोटेशन घेऊनच कळेल. गणितापुरतं ५ लाखांचा फरक धरू. ५ लाख भागिले ४२ हजार, जवळजवळ बारा वर्षं. आणि ते ५ लाख नुसते ६ टक्क्यांच्या एफडीत पडून राहिले असते, तरी वर्षाला ३० हजार देऊन गेले असते. म्हणजे डिझेलची खरी बचत वर्षाला १२ हजार. या १२ हजारांसाठी बोटीत जवळपास दुप्पट वजनाचं इंजिन वागवायचं, त्यासाठी डेकवरची जागा द्यायची, वर आवाज आणि थरथर सहन करायची? माझं मत स्पष्ट आहे. वीकएंड बोटीला पेट्रोल आउटबोर्ड.

आता शीटमधला एकच आकडा बदला. रेवस-करंजाच्या बाजूचा एखादा नाखवा घ्या. छोटी होडी, आत दोन सिलिंडरचं डिझेल, सरासरी १२ एचपीचं काम. वर्षात २०० दिवस, दिवसाला ६ तास म्हटलं, तर १,२०० तास. डिझेल लागतं २,८८० लिटर, २ लाख ५९ हजारांचं. हेच पेट्रोलवर असतं, तर ४,३२० लिटर आणि ४ लाख ४७ हजार. फरक वर्षाला १ लाख ८८ हजार! इथे कॉफी-सँडविच नाही. इथे मुलीची इंजिनिअरिंगची फी आहे, जाळ्यांचा खर्च आहे आणि खलाशांचा पगार आहे. त्यात यांत्रिक नौकेच्या डिझेलवरच्या करपरताव्याची सरकारी योजना मच्छीमार सोसायट्यांमार्फत चालते. तो परतावा वेळेवर आला तर फरक आणखी वाढतो. उशीर झाला तर मधल्या काळातलं डिझेल उधारीवर. त्यामुळे धक्क्यावर कुणी ठासून 'डिझेलच' म्हणालं, तर ते त्याच्या १,२०० तासांचं उत्तर असतं. आपण ते आपल्या ५४ तासांना चिकटवतो, घोटाळा तिथे होतो.

दुसरा घोटाळा जुन्या सल्ल्यांचा. ज्या काकांनी तुम्हाला 'डिझेल म्हणजे फुकटात' असं सांगितलंय, त्यांचा हिशोब त्यांच्या काळात शंभर टक्के बरोबर होता. मे २०१२ च्या अखेरीस दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर होतं आणि डिझेल ४१ च्या आत. त्या भावानं आपल्या २२ फुटी बोटीचा पेट्रोलचा तास १,३१४ चा झाला असता आणि डिझेलचा ४९२ चा. अडीच पटींहून जास्त! पेट्रोलचे भाव २०१० मध्ये मोकळे झाले होते, डिझेलचे जानेवारी २०१३ पासून हळूहळू वर सरकू लागले आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही मोकळे झाले. दरी बुजत गेली. २०२४ च्या भावात हा फरक पावणेदोन पटींवर आला. डिझेल आजही पुढे आहे, पण ते इंजिनाच्या गुणावर. सरकारच्या मेहेरबानीवर नाही.

केरळात बऱ्याच मच्छीमारांनी वर्षानुवर्षं आउटबोर्ड रॉकेलवर चालवली. तामिळनाडूत छोट्या फायबर होड्यांना लांब शेपटीचं डिझेल इंजिन लागलं. दोन्हीमागे हौस नव्हती, इंधनाचा भाव होता. मालवण-तारकर्लीला मात्र टुरिस्ट बोटींच्या मागे आउटबोर्ड दिसतील, आणि त्याचं कारण लिटरच्या हिशोबात सापडणारच नाही. किनाऱ्याला लागताना किंवा खाडीच्या तोंडाशी वाळूचा पट्टा आला, की आउटबोर्ड उचलून घेता येतं. इनबोर्ड डिझेलचा शाफ्ट आणि पंखा बोटीखाली कायमचा. एकदा वाळूत घासला, की वर्षभराची बचत एका दुपारी गेली. (डिझेल आउटबोर्ड नसतात का? असतात, स्वीडन आणि ब्रिटनमध्ये निघाली. किंमत ऐका आणि पाणी प्या.)

पेट्रोलवाल्यांनी इतक्यात कॉलर ताठ करू नये. त्यांच्यासाठी दोन गोष्टी.

पहिली, इथेनॉल. २०२५ पर्यंत आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण २० टक्क्यांवर पोचलं. अनेक आउटबोर्डच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा लिहिलेली असते १० टक्क्यांची. इथेनॉल पाणी ओढतं, आणि समुद्रावर पाण्याला काय तोटा! प्रमाणाबाहेर पाणी गेलं, की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी बसतं आणि इंजिन नेमकं तिथलंच शोषतं. म्हणून इंजिन घेण्याआधी डीलरकडून २० टक्क्यांबद्दल लेखी उत्तर घ्या. नुसतं 'चलता है सर' नको. पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा, आणि पावसाळ्याआधी पेट्रोलची टाकी रिकामी करून ठेवा. डिझेलचं बरोबर उलटं... टाकी काठोकाठ भरून ठेवायची, म्हणजे आतल्या हवेतल्या वाफेचं पाणी होऊन खाली साचत नाही. साचलं, तर डिझेल आणि पाण्याच्या सीमेवर चक्क जंतू वाढतात आणि फिल्टर चोंदतो. दोन्ही इंधनांचे नखरे आहेत, वेगवेगळे.

दुसरी गोष्ट गंभीर आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. गळती झाली, की ती बोटीच्या तळाशी जाऊन बसते, दिसत नाही, आणि एका ठिणगीची वाट बघते. आउटबोर्ड उघड्यावर असतं म्हणून धोका कमी, पण टाकी डेकखाली असेल तर तो संपत नाही. बंदिस्त खणातलं इनबोर्ड पेट्रोल इंजिन असेल, तर स्टार्टरला हात लावण्याआधी चार मिनिटं ब्लोअर चालवायचा आणि मग नाकानं वास घ्यायचा. पाहुणे 'चला ना यार' म्हणत असले तरी! डिझेल सांडलं तर तुम्ही घसरून पडाल, पण ते इतक्या सहज भडकत नाही. ज्यांच्या बोटीवर लहान मुलं असतील आणि ज्यांना ही चार मिनिटांची शिस्त जमणार नसेल, त्यांनी माझा वरचा सगळा हिशोब बाजूला ठेवून डिझेल घ्यावं. १२ हजारांचं गणित इथे लागू होत नाही.

यालाच जोडून इंधन आणायचं कसं? डिझेल मच्छीमार बंदरांत धक्क्यावर मिळतं. पेट्रोल बहुतेक वेळा रस्त्यावरच्या पंपावरून कॅनमधून वाहावं लागतं. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल लायसन्सशिवाय ३० लिटरपर्यंतच ठेवता किंवा नेता येतं. डबा धातूचा, घट्ट झाकणाचा आणि २५ लिटरहून मोठा नसलेला. प्लास्टिकच्या पाण्याच्या कॅनमधून शंभर लिटर गाडीच्या डिकीत घालून घाट उतरणाऱ्या मंडळींना कोपरापासून नमस्कार.

मेन्टेनन्समध्ये लोकांना वाटतं तेवढा फरक नाही. आउटबोर्डची सर्व्हिस साधारणपणे दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा, यातलं जे आधी येईल ते. म्हणजे ५४ तासांच्या मालकालाही ती दरवर्षी करावीच लागते. प्रत्येक ट्रिपनंतर गोड्या पाण्यानं फ्लश, झिंकचे ठोकळे झिजले की बदलायचे, पाण्याच्या पंपाचा इंपेलर वेळेवर. फरक पडतो तो माणसाचा. हर्णैला किंवा रत्नागिरीला डिझेल मिस्त्री रात्री अकराला उठून येईल आणि पान्यावर काम भागवेल. नव्या इंजेक्शनवाल्या आउटबोर्डला लॅपटॉप घेतलेला डीलरचा माणूस लागतो, आणि तो सोमवारी येतो. दुसरीकडे, डिझेल चालवून जितकं खराब होत नाही तितकं उभं राहून होतं. एक्झॉस्टचा एल्बो खाऱ्या पाण्यानं कुजतो, इंजेक्टर चिकटतात. महिन्यातून दोनदा पाऊण तास, तेही हळूहळू चालवणं, हा त्याच्यावर अन्यायच.

आणि इंधन वाचवायचंच असेल, तर सगळ्यात स्वस्त पार्ट तुमच्या हातात आहे, थ्रॉटल. पाणी कापत सावकाश जाणाऱ्या जड होडीला लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. साडेसहा नॉटवरून साडेपाचवर या. तासाला ४० टक्क्यांच्या जवळपास इंधन वाचतं. वेळ जास्त लागतो तो धरूनही प्रत्येक मैलामागे पाव भागाहून जास्त. डिझेल असो की पेट्रोल.

नवीन परवडत नाही म्हणून सेकंडहॅन्ड बघायला निघाला असाल, तर मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा की इंजिन थंड हवंय, आम्ही आल्यावरच स्टार्ट करायचं. पोचल्यावर आधी हात लावून बघा. गरम लागलं तर चहा घ्या, गप्पा मारा, दोन तास थांबा आणि मग स्टार्ट करायला सांगा. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. तासांचं मीटर बंद असेल, तर बोलणी इंजिन नवं टाकावं लागेल असं धरूनच सुरू करा.