वीजबिल वाढले, संशय कुणावर?

एप्रिल-मे महिन्यांचे वीजबिल हाती पडले की घराघरात एकच चौकशी सुरू होते. कूलर कोणी चालू ठेवला? रात्री उशिरापर्यंत मोबाइल घेऊन कोण बसते? सासूचा रोख सुनेकडे, सुनेचा नणंदेकडे, आणि घरात भाडेकरू असेल तर सगळ्यांचा मिळून त्याच्याकडे. यात मोबाइल बिचारा उगाच बदनाम होतो. रोज एकदा पूर्ण चार्ज केला तरी त्याला महिन्याकाठी एक युनिट वीजही लागत नाही.

उर्दूत जिला बदगुमानी म्हणतात, ती वीजबिलावरून फार लवकर शिरते, कारण घरातल्या कुणाकडेच पुरावा नसतो. पुरावा असतो तो बिलाच्या कागदावर आणि जिन्याखालच्या मीटरवर. माणसांकडे बोट दाखवण्याआधी या दोघांना काय विचारायचे, ते सांगावे म्हणून यावेळी हा विषय घेतला.

कागदापासून सुरुवात करू. रुपयांचा आकडा बाजूला ठेवा आणि वापरलेले युनिट बघा. बिलावर मागच्या काही महिन्यांचा वापर दिलेला असतो, त्यात गेल्या वर्षीचा हाच महिना शोधा. मेची तुलना जानेवारीशी करण्यात अर्थ नाही. युनिट तेवढेच आणि रक्कम मात्र जास्त असेल तर घरातल्या पंख्यांना दोष देऊ नका. मग मागची थकबाकी, व्याज, इंधन समायोजन आकार या ओळी वाचा. आपल्या राज्यात घरगुती बिलावर १६ टक्के वीज शुल्क लागते, त्यामुळे वरच्या ओळी वाढल्या की हीही ओळ आपोआप फुगते. सुरक्षा ठेवीच्या फरकाची मागणीही बहुधा उन्हाळ्यातच येते. ती ठेव असते, वापराचे बिल नव्हे, पण दोन्ही कागद एकत्र आले की छातीत धस्स होते.

युनिटच वाढलेले दिसले तर तारखा बघा. मागचे रीडिंग कोणत्या दिवशी घेतले आणि चालू रीडिंग कोणत्या दिवशी? तीसऐवजी अडतीस दिवसांचे बिल आले तर युनिट वाढणारच. आणखी एक नेहमीचा प्रकार म्हणजे सरासरीचे बिल. रीडिंग घेणारा आला तेव्हा घराला कुलूप होते, तुम्ही लग्नाला परगावी गेला होता, म्हणून दोन महिने अंदाजाने बिल आले आणि तिसऱ्या महिन्यात खरे रीडिंग लागून सगळे राहिलेले युनिट एकदम चढले. अशा वेळी ते युनिट तितक्या महिन्यांत विभागून दर लावला आहे का, हे जरूर तपासा. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे महिन्याला १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. शंभरच्या पुढच्या युनिटचा दर पहिल्या शंभरापेक्षा जवळजवळ दुप्पट पडतो. तीन महिन्यांचे युनिट एकाच महिन्याचे धरले तर विनाकारण वरचा दर लागेल.

टप्प्यांविषयी एक गैरसमज फार पसरला आहे. १०१ वा युनिट पडला की सगळेच युनिट महाग होतात, असे अनेक भगिनी सांगतात. तसे नाही. पहिले शंभर त्यांच्या कमी दरानेच धरले जातात, महाग होतात ते त्यापुढचे.

आता मीटरकडे चला. बिलावरचा मीटर क्रमांक आणि मीटरवरचा क्रमांक जुळतो का? बिलावरचे चालू रीडिंग आज मीटर दाखवत असलेल्या आकड्यापेक्षा जास्त तर नाही? तसे असेल तर चूक उघडच आहे, लगेच फोटो काढून ठेवा. आठवीच्या मुलींना मी दरवर्षी घरपाठ देते की आठ दिवस रोज मगरिबनंतर मीटरचा आकडा वहीत लिहून आणा. पहिल्या दिवशी निम्म्या मुली विचारतात, "मॅडम, मीटर कुठं असतो?" आठव्या दिवशी मात्र त्यांना घरातल्या मोठ्यांपेक्षा जास्त कळलेले असते. पाहुणे आले त्या दिवशी किती, इस्त्रीचा ढीग काढला त्या दिवशी किती, सगळे वहीत उतरते.

मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो, तोही हिशोब सांगतो. त्याच्याजवळ ३२०० किंवा १६०० असा आकडा छापलेला असतो, पुढे इंग्रजीत 'आय-एम-पी' ही अक्षरे. दिवा तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट भरतो. समजा आकडा ३२०० आहे आणि मिनिटभरात दिवा १६ वेळा लुकलुकला. तासाला झाले ९६०, म्हणजे ०.३ युनिट. घरात त्या क्षणी ३०० वॅटचा भार चालू आहे, साधारण चार पंख्यांएवढा. घड्याळ घेऊन एक-एक वस्तू बंद करत जा आणि लुकलुक कितीने मंदावते ते मोजा. कोणती वस्तू किती खाते, हे विकणाऱ्या दुकानदारापेक्षा हा दिवा खरे सांगतो.

या मोजणीत पहिला धक्का बहुधा पंख्याचाच बसतो. साधा छताचा पंखा ७५ वॅटचा. एकटा तो गरीब वाटतो, पण उन्हाळ्यात तीन खोल्यांतले तीन पंखे वीस-वीस तास फिरले तर दिवसाला साडेचार युनिट, महिन्याला १३५. म्हणजे बाकी काहीही न लावता शंभरचा टप्पा ओलांडला. नव्या बीएलडीसी पंख्याला साधारण ३० वॅट लागतात, तेवढ्याच वापराला महिन्याला ५४ युनिट. सगळे पंखे एकदम बदलणे प्रत्येकाला जमणार नाही, पण जो सर्वात जास्त फिरतो तो आधी बदलावा. २००० वॅटचा गीझर अर्ध्या तासात एक युनिट घेतो. फ्रिजच्या दरवाजाचे रबर सैल झाले की आतली थंडी बाहेर येते आणि मशीन थांबतच नाही. दरवाजात दहाची नोट अडकवून ओढून पाहा, सहज सरकून आली तर रबर बदलायला झाले. रमजानमध्ये सरबत, फळे, उरलेला सालन यांनी फ्रिज गच्च भरतो आणि दिवसातून पन्नास वेळा उघडतो, ईदनंतरच्या बिलात तेही दिसते.

दोन वस्तूंकडे कुणाचे लक्षच जात नाही. एक इन्व्हर्टर. बॅटरी जुनी झाली, पाणी आटले की ती पूर्ण भरतच नाही आणि चार्जिंग दिवसरात्र चालू राहते. घरात कुणी बटण दाबत नाही, म्हणून कुणाला संशयही येत नाही. दुसरी पाण्याची मोटर. खालचा व्हॉल्व्ह गळत असेल तर जी टाकी वीस मिनिटांत भरायची तिला पाऊण तास लागतो.

एवढे करूनही हिशोब जुळला नाही तर शेवटची तपासणी. घरातला मेन स्विच बंद करा आणि मीटरकडे पाहा. लाल दिवा थांबला पाहिजे. थांबला नाही तर तो मीटर तुमचा नाही, किंवा मेन स्विचच्या आधीच कुठेतरी तार जोडलेली आहे, किंवा तिसरेच काही आहे. हे तिसरे आमच्या मिरजेतल्या एका घरात निघाले. ते थोडे सविस्तर सांगते, कारण दोन कुटुंबांचे बोलणे त्यापायी बंद झाले होते.

जुने दुमजली घर. खाली एक खाला एकट्या राहतात, वरच्या मजल्यावर त्यांच्या दिराचा मुलगा, त्याची बायको आणि दोन मुले. मीटर दोन्ही घरांचे वेगवेगळे. खालांकडे दोन पंखे, तीन दिवे, लहान फ्रिज. महिन्याला साठ-पासष्ट युनिट ठरलेले. मार्चअखेर वर एसी बसला आणि मे महिन्यात खालांचे बिल आले २१० युनिटांचे. त्यांनी सरळ अर्थ लावला की सुनेने एसीची तार आपल्या मीटरवर टाकली. सुनेने स्वतःचे बिल आणून समोर ठेवले. तेही दीडशे युनिटांनी वाढलेले! "आमच्या एसीचे पैसे आम्ही भरतोय, चाची. तुमचं आमच्यावर कसं घालता?" शब्दाने शब्द वाढला. वरून दस्तरखानासाठी येणारी ताटली थांबली, मुलांना खाली जायला बंदी झाली. मोहल्ल्यात दोन्ही बाजूंनी बोलणारे भेटलेच.

गंमत अशी की दोघीही खरेच बोलत होत्या. वीज एका तारेने घरात येते, तिला फेज म्हणतात, आणि दुसरीने परत जाते, ती न्यूट्रल. आजचे सिंगल फेज मीटर दोन्ही तारांतला प्रवाह मोजतात आणि दोहोंत फरक आढळला तर जो जास्त असेल त्यावर युनिट धरतात. एक तार चुकवून चोरी करणाऱ्यांना आळा बसावा म्हणून ही सोय आहे. एसी बसवणाऱ्याने फेज वरच्या घराचीच घेतली, पण न्यूट्रल लांबून ओढण्याऐवजी जिन्यातल्या बोर्डवरून जोडली. तो बोर्ड खालांचा. म्हणजे एसीची वीज जाताना वरच्या मीटरमधून जायची आणि परतताना खालांच्या मीटरमधून. एकच वीज दोन्ही मीटर मोजत होते. एकीनेही चोरी केली नव्हती आणि दोघींची बिले वाढली होती.

हे उलगडले ते वीज खात्यातून निवृत्त झालेल्या एका वायरमन चाचांमुळे. मीटरवर 'ई-एल' अशा दोन इंग्रजी अक्षरांजवळ एक छोटा दिवा असतो. दोन तारांतल्या प्रवाहात फरक पडला की अनेक मीटरवर तो पेटतो. खालांच्या मीटरवर तो पेटलेला होता. चाचांनी त्यांचा मेन बंद केला तरी लुकलुक चालूच. त्या जुन्या मेनमध्ये फक्त फेज तुटत होती, न्यूट्रल तशीच जोडलेली राहत होती. मग त्यांनी वर आवाज देऊन एसी बंद करायला सांगितला आणि लुकलुक जागच्या जागी थांबली. सून जिन्यात उभी होती, खाला दारात. कुणी काही बोलले नाही. परवानाधारक इलेक्ट्रिशियनने न्यूट्रल वेगळी केली, तासाभराचे काम. भरलेले पैसे काही परत मिळाले नाहीत, कारण मीटर निर्दोष होता. दोष घरातल्या तारेत होता. पुतण्याने आपणहून दोन महिन्यांचा फरक खालांच्या हातावर ठेवला. त्यांनी आधी नको म्हटले, मग घेतला. ताटली पुन्हा सुरू व्हायला मात्र मोहरम उजाडला.

भावाभावांनी वाटून घेतलेली घरे, वाडे, चाळी, मागाहून चढवलेले मजले, अशा ठिकाणी दोन घरांच्या न्यूट्रल एकमेकींत मिसळलेल्या असणे मुळीच नवलाचे नाही. त्यात ज्या घराचा वापर कमी, त्यालाच जास्त भुर्दंड बसतो. एकाकडे १० अँपियर आणि दुसऱ्याकडे २ अँपियरचा भार असेल आणि न्यूट्रल मिसळून दोघांतून सहा-सहा परतत असेल, तर पहिल्याचे बिल बरोबर येते आणि दुसऱ्याचे तिप्पट. म्हणजे एकटी राहणारी विधवा किंवा म्हातारे जोडपे भरडले जाते. म्हणून नवीन एसी, मोटर किंवा गीझर बसवताना न्यूट्रल कुठून घेतली, हे कारागिराला तोंडावर विचारा. घरात आरसीसीबी बसवून घेतला तर असा घोळ होताच तो पडतो, शिवाय शॉकपासून जीव वाचतो ते वेगळेच. तारा स्वतः उघडू नका आणि मीटरच्या सीलला तर हातच लावू नका, तो गुन्हा ठरतो.

आता घरातले सगळे तपासून झाले आणि तरी मीटरच वेगाने पळतो असे वाटले, तर उपविभागीय कार्यालयात मीटर तपासणीसाठी लेखी अर्ज द्या. तोंडी तक्रारीला पुरावा राहत नाही. १९१२ क्रमांकावर तक्रार नोंदवली तर तिचा नंबर लिहून घ्या. वाद मिटेपर्यंत वीज तोडतील या भीतीने अनेक जण मुकाट्याने पूर्ण रक्कम भरतात. विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. त्याच कलमात असेही आहे की बिलाबाबत वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यांतली जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. कार्यालयाने दाद दिली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, आणि त्यावर विद्युत लोकपाल, मुंबईला आणि नागपूरला. अर्जासोबत मीटरचे फोटो आणि रोजच्या रीडिंगच्या वहीची झेरॉक्स जोडा. पैसे हरकत नोंदवून भरत आहोत, असे अर्जात स्पष्ट लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का व तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.