गिअर नसलेला गिअरबॉक्स

उद्यमबागेत चाळीस वर्षं लेथवर आणि फिटरकामात काढलेल्या माणसाला अमेरिकेत करण्यासारखं काही नसतं. मुलगा-सून कामावर, नातू शाळेत. २०२४ च्या मे महिन्यात आम्ही दोघं ओहायोला मुलाकडे गेलो, तेव्हा पहिले आठ दिवस मी खिडकीतून गवत वाढताना बघत बसलो होतो. थट्टा नव्हे, त्या दिवसांत तिकडे ते खरंच दिसामासी नव्हे, तासागणिक वाढतं. फार वाढू दिलं तर गावच्या पालिकेची नोटीस येते. म्हणून ज्याचं अंगण मोठं त्याच्याकडे वर बसून चालवायचं गवत कापायचं मशीन असतंच. आपल्या ट्रॅक्टरचं धाकटं भावंड म्हणा. पोटाखाली पाती आणि मागच्या चाकांना गती.

चिरंजिवांचं मशीन वीस वर्षांचं, घराबरोबर आधीच्या मालकाकडून आलेलं. सुरुवातीला झकास चालायचं. वीसेक मिनिटं झाली, इंजिन तापलं, की घरामागच्या चढावर येऊन थबकायचं. इंजिन गरजतंय, चाकं मात्र फिरत नाहीत. अर्धा तास थंड होऊ दिलं की पुन्हा शहाण्यासारखं चालायचं.

"मशीन चालतंय खरं, चढावर दम सोडतंय," मी म्हटलं. "गिअरबॉक्स खोलूया."

"बाबा, त्यात गिअर बदलायचे नसतातच. दुरुस्तीवाल्यानं मशीनच्या किमतीपेक्षा जास्त मजुरी सांगितलीय. नवीनच घेतो."

गिअर नाहीत म्हणजे काय, हे मला दोन दिवस पचेना. मग पुस्तिका मिळवून वाचली. इंजिन एक छोटा पंप फिरवतं, पंप तेल दाबून मोटरकडे पाठवतो, मोटर चाकं फिरवते. पायाखालचं पेडल दाबलं की पंपातली एक थाळी कलते. जितकी कलेल तितकं तेल जास्त आणि तितका वेग जास्त. उलटी कलली की मशीन मागे जातं. अगदीच दाते नाहीत असं नाही, पुढे वेग उतरवायला आणि डिफरन्शियलला आहेत. जेसीबीचा हात ज्या तेलाच्या दाबानं उचलतो, त्याच जातीचं हे काम. नाव हायड्रोस्टॅटिक.

आता आमच्या धंद्यातला पहिला नियम. जे खोलावं लागत नाही ते आधी बघायचं. मागच्या बाजूला मशीन ढकलण्यासाठी एक दांडी असते. ती ओढलेली राहिली तर तेल आतल्या आत फिरतं आणि चाकाला जोर मिळत नाही. ती जागेवर होती. चाकाची चावी तुटली असेल तर दांडा फिरतो आणि चाक उभंच राहतं. तीही शाबूत. मग स्पार्क प्लगची वायर काढून ठेवून खाली वाकलो, तर पट्टा. व्ही-पट्ट्यानं पुलीच्या खाचेत दोन्ही कुशींवर धरायचं असतं. हा झिजून तळाला टेकला होता आणि कुशी काचेसारख्या चकाकत होत्या. "मिळाला चोर," मी जाहीर करून टाकलं.

इथे एक सांगून ठेवतो. मापाचा साधा पट्टा दुकानातून आणून बसवायचा मोह होतो, मलाही झाला. या पट्ट्याच्या पाठीवरून ताण देणारी पुली फिरते आणि त्याच्या आत वेगळ्या जातीचे धागे असतात. साधा पट्टा फार दिवस टिकत नाही. मुलानं नंबर बघून योग्य तो मागवला. बसवला. मशीन चढ चढलं. मी खुर्चीवर बसून चहा मागवला, आणि पंचविसाव्या मिनिटाला ते पुन्हा थबकलं.

सूनबाई काही बोलल्या नाहीत. ही मात्र बोलली.

रात्री झोप नाही. थंड असताना चालतं, तापल्यावर मरतं, म्हणजे तेल पातळ होऊन आतल्या आत निसटतंय. पण इतकं तापतंय का? सकाळी मागचं झाकण काढलं. त्या खोक्यावर वर्षानुवर्षांचं गवत घोंगडीसारखं दाबून बसलं होतं, आणि गार करणाऱ्या पंख्याची तीन पाती तुटलेली. वारा जाणार कुठून?

शनिवारी आम्ही दोघं बापलेक बसलो. तेल काढायला खाली बूच नाही. आख्खं खोकं उतरवून उलटं करावं लागलं. तिकडचे पाने इंचातले, माझा हात मिलिमीटरचा. अर्धा वेळ 'तो नको, त्याच्या शेजारचा दे' यातच गेला. हा पोरगा लहान असताना वर्कशॉपात आला की मी हाकलायचो, "हात काळे करू नकोस, अभ्यास कर." त्यानं ऐकलं. वर्कशॉप २०१६ साली मी विकलं तेव्हाही त्यानं काही म्हटलं नाही, मीही विचारलं नाही. त्या दिवशी पाना धरायचा कसा, हे त्याला मी वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी दाखवलं.

काळंकुट्ट तेल निघालं. पुस्तिकेत सांगितलेलं २०डब्ल्यू-५० भरलं, नवा पंखा बसवला. मग आत अडकलेली हवा काढायची. हे न करता लोक मशीनला शिव्या देतात. मागची चाकं उचलून घोडीवर पक्की ठेवायची, नुसत्या जॅकवर नाही. ढकलायची दांडी ओढायची, इंजिन मंद ठेवायचं, पेडल पाच सेकंद पुढे, पाच सेकंद मागे, असं पाच-सहा वेळा. मग दांडी आत ढकलून पुन्हा तेच. आधी चाकं गचके देतात, मग सलग फिरू लागतात. नातवाला लांब उभं केलं होतं, तो तिथूनच मोजत होता.

चढ चढलं. तासभर चाललं. जरा हळू, पण थांबलं नाही. मुलाला मी सांगून टाकलं, पंपाची आतली झीज तेलानं भरून येत नाही, दोन-तीन उन्हाळे निघतील.

परत आल्यावर पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात त्याचा रात्री दहाला फोन. तिकडे दुपार. "बाबा, पुन्हा जरा दमतंय."

"झाकण काढून गवत झाडलंस?"

"नाही."

"मग आधी झाड. मी जागा आहे."