धुराड्यातून जाणारा पैसा

ऑक्टोबर २०२१ मध्ये देशातील अनेक औष्णिक वीजकेंद्रांतील कोळशाचे साठे तळाला गेले, तेव्हा खाणी, वाघिणी आणि आयात यांची बरीच चर्चा झाली. हाती असलेला कोळसा कसा जाळला जातो, याची मात्र फारशी झाली नाही. वास्तविक तंगीच्या काळात गृहस्थ प्रथम गळके भांडे पाहतो.

हिशेब साधा आहे. एका युनिट विजेला ७०० ग्रॅम कोळसा धरला, तर पूर्ण भाराने चालणारा ५०० मेगावॅटचा संच दिवसाला ८,४०० टन कोळसा जाळतो. बॉयलरची कार्यक्षमता ८५ टक्क्यांवरून ८६ वर गेली, तर यातील सुमारे ९८ टन वाचतात. त्यासाठी नवे केंद्र उभारावे लागत नाही. कोळसा पुरेसा बारीक दळणे, भट्टीत हवा बेताची सोडणे, वायुमार्गांतील गळती बुजवणे आणि नळ्यांवरची राख वेळेवर झाडणे, एवढीच ही कामे आहेत. हवा कमी पडली तर कोळसा अर्धवट जळून राखेत जातो; जास्त झाली तर उष्णता धुराड्यावाटे निघून जाते. बाहेर पडणाऱ्या वायूंचे तापमान सुमारे २२ अंशांनी वाढले की कार्यक्षमता एक टक्क्याने घटते.

आपल्या कोळशात राख ३० ते ४५ टक्के असते, हे खरे. दुपारी सौर वीज आली की संच कमी भाराने चालवावे लागतात, हेही खरे. परंतु या अडचणी दक्षतेची गरज वाढवतात. त्या हलगर्जीचे समर्थन ठरत नाहीत.

मूळ दोष अर्थव्यवहारात आहे. नियामक आयोगाने ठरवलेल्या मानकाच्या मर्यादेत जळलेल्या कोळशाचे मूल्य ग्राहकाच्या बिलात जाते. मानक सैल असेल, तर बचतीची निकड कोणाला वाटणार? २०१२ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेने ऊर्जाबचतीची प्रमाणपत्रे बाजारात आणली, ही दिशा योग्यच होती. आता प्रत्येक संचाचा प्रत्यक्ष उष्णतावापर आणि राखेतील न जळलेल्या कोळशाचे प्रमाण दरमहा जाहीर व्हावे. मानके टप्प्याटप्प्याने कडक व्हावीत, आणि बचतीचा वाटा केंद्राइतकाच ग्राहकालाही मिळावा.

वाया गेलेल्या कोळशाची किंमत ग्राहक बिलातून भरतो, चंद्रपूरचा नागरिक श्वासातून. या दोघांनाही हिशेब मागण्याचा अधिकार आहे.