नरक्याच्या सालीतील बुरशी

सह्याद्रीतील नरक्या हे आपल्या नित्य वापरातील द्रव्य नव्हे. परंतु त्यातील कॅम्प्टोथेसिन कर्करोगावरील औषधांसाठी हवेसे झाले आणि त्यापायी घाटातील झाडांची बेसुमार तोड झाली. २००५ साली जम्मूच्या संशोधकांनी याच वृक्षाच्या आतील सालीतून काढलेली एक बुरशी कॅम्प्टोथेसिन तयार करते, असे प्रसिद्ध केले. झाड न तोडता औषध मिळण्याची आशा त्यातून निर्माण झाली.

अशी बुरशी ओळखावी कशी? ऊतींत राहणाऱ्या कित्येक बुरशा प्रयोगशाळेत बीजाणूच धरत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली नुसते तंतू दिसतात. येथे पी.सी.आर. उपयोगी पडते. सालीचा पृष्ठभाग अल्कोहोल व हायपोक्लोराइटने निर्जंतुक करून आतील बुरशी वाढवितात, तिच्या डी.एन.ए.मधील आय.टी.एस. या भागाच्या असंख्य प्रती काढून त्याचा क्रम नोंदलेल्या क्रमांशी ताडतात. निर्जंतुकीकरणात हयगय झाली, तर धुळीतील बुरशीचेच नाव हाती येते!

आणि नाव म्हणजे गुण नव्हे. १९९३ मध्ये टॅक्सॉल तयार करणाऱ्या बुरशीचा मोठा गाजावाजा झाला. २०१३ मधील फेरतपासणीत तिच्यात ती स्वतंत्र क्षमता आढळली नाही.

द्रव्याचा देशविचार करणाऱ्या आपणांस वनस्पतीच्या आतील ही वस्ती परकी वाटू नये. तथापि केवळ डी.एन.ए. अहवाल दाखवून कोणी बुरशीजन्य अर्क विकू लागल्यास औषधनिर्मात्यांनी घटकाचे मोजलेले प्रमाण आणि त्याच बुरशीच्या जतन केलेल्या नमुन्याचा क्रमांक मागावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. बुरशींचा राष्ट्रीय संग्रह तर पुण्यातच, आघारकर संशोधन संस्थेत आहे.